पॅड बदलूनही ब्रेक पुन्हा चिकटतो? कॅलिपर उघडून काय बघायचं ते

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटायचा. पॅड बदलले, महिनाभर गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना काढून ग्रीस लावलं, तीन-चार महिने बरे गेले, पुन्हा चिकटला. तिसऱ्या वेळी जुने पॅड काढून शेजारी शेजारी ठेवले आणि व्हर्नियरने मोजले. आतला 3 मिलिमीटर उरला होता, बाहेरचा 8. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले. तेव्हा कुठे लक्षात आलं की दोन्ही वेळा मी वरवरचा इलाज केला होता आणि पॅड झिजवणारी वस्तू आत तशीच ठेवली होती.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडच्या चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग. त्यात हलणारा प्रत्येक भाग कशात तरी बसलेला असतो. पिन भोकात, पॅडचे कान (दोन टोकं) ब्रॅकेटच्या, म्हणजे कॅलिपर धरणाऱ्या चौकटीच्या खाचेत, पिस्टनचं सील खोबणीत. भाग नवा आणला आणि ही बैठक गंजकीच ठेवली, तर नवा भागही थोड्या दिवसांत तसाच अडकतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा याच बैठकीत असतं. म्हणून या लिखाणात नवे भाग बसवण्यापेक्षा जुन्या जागा साफ करण्याबद्दल जास्त आहे.

मी बोलतोय ते साध्या सरकत्या कॅलिपरबद्दल. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. बहुतेक गाड्यांना पुढे हाच असतो. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, तो फिरवत आत न्यावा लागतो. सी-क्लॅम्प लावून जोर केलात तर आतली यंत्रणा मोडते. बटणावरचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो. ते जमत नसेल तर मागच्या चाकांना घरी हात लावू नका.

आणखी एक गोष्ट कामाआधीच ठरवून टाका. ब्रेकचं काम अर्धवट कळलेलं असताना करायचं नसतं. कॅलिपरला चीर असेल, होज पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे आटे गेले असतील किंवा सीलच्या खोबणीत गंजाने खड्डे पडले असतील, तर दुरुस्ती विसरा आणि कॅलिपर बदला. दोन तुकडे बोल्टने जोडून केलेला कॅलिपर असेल तर ते जोडाचे बोल्ट उघडू नका. आणि चाक काढलेली गाडी कधीही फक्त जॅकवर ठेवून काम करू नका. खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना अडण लावा, गाडी हाताने हलवून बघा, मगच बसा.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

गाडी कुठे ओढते यावरून बरंच कळतं. ब्रेक न दाबता सरळ जाताना गाडी डावीकडे ओढत असेल, तर डाव्या चाकाचा ब्रेक धरून बसला आहे. ब्रेक दाबल्यावरच उजवीकडे ओढत असेल, तर डावा ब्रेक नीट लागतच नाही आणि सगळं काम उजवा करतोय. म्हणजे दोष एकाच कॅलिपरचा असला तरी गाडीची ओढ दोन्हींपैकी कुठल्याही दिशेला असू शकते. हे माहीत नसलं की माणूस चांगलाच कॅलिपर उघडून बसतो.

दुसरी खूण उष्णतेची. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, शक्य तितके कमी ब्रेक लावत गाडी चालवा आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. डिस्कला हात लावायचा नाही, ती चांगलीच भाजते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही डिस्कचे आकडे टिपा. थोडाफार फरक असायचाच, पण एक बाजू दुसरीपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असेल तर शंकेला जागा उरत नाही.

मग पॅड वाचा. आतला पॅड जास्त झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा, म्हणजे एकतर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन मागे येत नाही. बाहेरचाच जास्त झिजला असेल तर कॅलिपर आत ओढला जातो पण परत बाहेर सरकत नाही, इथेही पिनाच बघायच्या. एकाच पॅडची झीज तिरकी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असेल, तर दोनपैकी एक पिन अडकलेली असते किंवा पॅडचा एक कान ब्रॅकेटमध्ये आवळला गेलेला असतो. दोन्ही पॅड सारखेच झिजलेत, पण समोरच्या चाकाच्या मानाने फारच जास्त, असं असेल तर पिनांचा दोष नाही. पिस्टन तरी अडकतोय किंवा पाइपमध्ये दाब कोंडून राहतोय.

हा कोंडलेला दाब ओळखायची एक पक्की चाचणी आहे आणि ती कॅलिपर उघडण्याआधीच करायची, कारण एकदा सगळं सुटं झालं की ती करता येत नाही. चाक उचलून काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. कोणाला तरी चार-पाच वेळा ब्रेक दाबून सोडायला सांगा. आता हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, हाताने फिरवा. पॅडची हलकी घासण चालते, पण जोर लावूनही फिरत नसेल तर कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला (ऑइल आणि हवा सोडायचं छोटं तोंड) पारदर्शक नळी लावून ते किंचित उघडा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि हब लगेच मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. दाब वरून अडकला आहे. निपल उघडूनही हब गच्चच राहिलं, तर दोष कॅलिपरच्या आत आहे.

दाब अडकला असेल तर तो कुठे, तेही कळतं. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबून सोडा, आणि या वेळी रबरी होज पाइप जिथे लोखंडी नळीला जोडलेला असतो तो वरचा जोड थोडा ढिला करा. तिथे ढिला करून चाक सुटलं, तर गडबड पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. तिथे सुटलं नाही आणि खाली निपलला मात्र सुटतं, तर होज पाइप बाद. जुन्या होजचा आतला रबरी थर फुगतो किंवा त्याचा पापुद्रा सुटतो आणि तो एकेरी झडपेसारखा वागायला लागतो. पायाच्या जोराने ऑइल खाली जातं, पण परत वर यायला तेवढा जोर नसतो. बाहेरून असा पाइप अगदी धडधाकट दिसतो. कितीतरी चांगले कॅलिपर या एका पाइपापायी बदलले जातात.

माझ्या गाडीत निपल उघडूनही चाक सुटलं नाही. म्हणजे कॅलिपर उघडणं आलंच.

पिना, आणि मी लावलेलं चुकीचं ग्रीस

सगळ्यात आधी ब्लीड निपल सुटतंय का ते बघा. गंजलेलं असेल तर मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडून थोडा वेळ थांबा, हातोडीने हलके टोले द्या आणि सहा कोनांचं सॉकेट लावा. फिक्स पान्याने त्याचे कोपरे मरतात. निपल मोडलंच तर ते कामाच्या सुरुवातीला मोडलेलं बरं, सगळं जोडून झाल्यावर नको.

कॅलिपर सोडवल्यावर तो होजवर लोंबू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक बाजू तशीच राहू दिली की काय कुठे होतं ते बघायला नमुना हाताशी राहतो. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ती फुप्फुसात जाते, आणि फार जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा.

पिना ओढून काढा. चांगली पिन बोटांनी सरकते आणि बोटांनीच फिरते. माझी वरची पिन चांगली होती, खालची पकडीने फिरवून फिरवून काढावी लागली. तिच्या टोकाला रबराची बाही होती आणि ती फुगून भोकात बुचासारखी बसली होती. हे माझंच काम. मागच्या वेळी मी तिला बेअरिंगला लावतात ते साधं ग्रीस लावलं होतं. ब्रेकमधलं रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं. त्याला ब्रेक ऑइल चालतं, पण खनिज तेल, इंजिन ऑइल, पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस यांतलं काहीही लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. आपण त्याला ब्रेक ‘ऑइल’ म्हणतो, म्हणून मनात कुठेतरी वाटत राहतं की तेलाला तेल चाललं पाहिजे. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 यांत खनिज तेलाचा थेंब नसतो, तो ग्लायकॉल जातीचा द्रव आहे. पिनांना लावायचं ते रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, आणि तेच. तांब्याचं ग्रीसही पिनांना नको.

पिनेवर गंजाचे खड्डे असतील किंवा नखाला लागेल एवढी झिजेची पायरी पडली असेल तर नवी पिन आणि नवा रबरी बूट घ्या. पॉलिश पेपरने घासून जुनीच बसवली तर ती बारीक होते, कॅलिपर खडखडतो आणि पॅड तिरके झिजतात. ब्रॅकेटमधलं भोक विसरू नका. मी बाटली धुवायचा असतो तसा बारीक नायलॉनचा ब्रश घेऊन, ब्रेक क्लीनर मारून, फडक्याची वात आत-बाहेर करत राहिलो. वात काळी यायची थांबली तेव्हाच थांबलो. भोक लांबट झालं असेल, म्हणजे नवी पिन घालूनही ती आडवी हलत असेल, तर ब्रॅकेटच बदलायचं.

ग्रीस पातळ थरानेच लावा. भोक एका बाजूने बंद असतं, त्यामुळे ग्रीस जास्त भरलं तर पिन आत ढकलली की स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. असं झालं तर बुटाची कड चिमटीत धरून आतली हवा निघू द्या, जास्तीचं ग्रीस पुसून घ्या. आणि रबरी बाहीची पिन ज्या भोकातून निघाली त्याच भोकात गेली पाहिजे. वर-खाली अदलाबदल करू नका. काढतानाच मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

क्लिपांखालचा गंज

हा भाग थोडक्यात सांगतो, पण वगळू नका. पॅडचे कान ज्या स्टेनलेस स्टीलच्या पातळ क्लिपांवर सरकतात त्या क्लिपा काढा आणि खालचं ब्रॅकेट बघा. क्लिप गंजत नाही, तिच्याखालचं बिडाचं ब्रॅकेट गंजतं. गंज फुगतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडला आवळते. वरून बघितलं तर क्लिप चकचकीत, त्यामुळे संशयही येत नाही. तारेचा ब्रश आणि सपाट कानस घेऊन खालचा धातू उघडा पडेपर्यंत साफ करा. गंजच काढायचा, धातू खायचा नाही. नव्या क्लिपा बसवून पॅड हाताने सरकवून बघा. बोटाच्या जोराने सरकला पाहिजे आणि खुळखुळताही कामा नये. नवा पॅड अडत असेल तर त्याच्या कानावरचा रंगाचा जाड थर हलक्या हाताने काढा, त्याहून जास्त घासू नका.

पिस्टन बाहेर काढणं

इथे घाई करू नका, बोटं जाण्याचा धोका इथेच आहे.

कॅलिपर दुरुस्तीचं किट आधी आणलेलं असू द्या. त्यात पिस्टनचं सील, डस्ट बूट (धूळ-पाणी अडवणारं रबरी आवरण) आणि बऱ्याचदा पिनांचे बूट असतात. एकाच मॉडेलच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कॅलिपर आलेले असतात, तेव्हा पिस्टनचा व्यास किटवरच्या आकड्याशी जुळतो का ते बघा. माझा पिस्टन 54 मिलिमीटरचा होता.

पिस्टन काढायला गाडीचाच ब्रेक सगळ्यात चांगला. होज न काढता पॅड काढून घ्या, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि कोणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगा. वरच्या टाकीतलं ऑइल कमी होत जातं, त्यात भर घालत राहा. पिस्टन ठोकळ्याला टेकला की ठोकळा पातळ करत जा. शेवटी खाली ट्रे ठेवा, पिस्टन निघताच ऑइल सांडतं. गाडीच्या रंगावर ते पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

कॅलिपर आधीच सुटा केला असेल तर कॉम्प्रेसरची हवा वापरतात. त्याचा हिशेब एकदा करून बघा. 54 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 23 चौरस सेंटिमीटर भरतं. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 2 किलो ठेवला तरी पिस्टनमागे 46 किलोचा जोर आहे. 7 किलोच्या दाबाला तो 160 किलोच्या आसपास जातो. अडकलेला पिस्टन सावकाश येत नाही, एकदम सुटतो. म्हणून दाब अगदी कमी ठेवून थोडा थोडा वाढवा, समोर लाकूड ठेवा, कॅलिपरवर जाड फडकं टाका आणि बोटं कधीही आत घालू नका.

होज काढल्यावर टाकी रिकामी होऊ नये म्हणून एक सोय करता येते. पेडल दोन-तीन सेंटिमीटर खाली दाबून एका काठीने सीटला टेकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधलं परतीचं भोक झाकलं जातं आणि वरून ऑइल उतरत नाही. ब्रेक लाइट मात्र लागून राहतो, बॅटरीची तार काढून ठेवा.

खोबणीत काय होतं

पिस्टन निघाला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, यात तर काहीच दोष नाही. क्रोमचा थर चकचकीत, फक्त पुढच्या तोंडाशी, जिथे डस्ट बूट फाटला होता तिथे, थोडा तांबडा डाग. बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन बसतो त्या भोकात, तपकिरी छटा. जुनं सील टूथपिकने उचलून काढलं. स्क्रूड्रायव्हर घालू नका, खोबणीला ओरखडा पडला तर कॅलिपर गेला. सीलही ठीकठाक दिसत होतं. मग टॉर्च तिरका धरून खोबणीत बघितलं.

खोबणीच्या तळाशी एक काळपट तांबडा थर बसला होता, एखाद्या जाड कागदाएवढा. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. कापसाची काडी फिरवली, तर अर्ध्या गोलावर कापसाचे तंतू अडकून राहिले. अडकलेल्या पिनेच्या जोडीला, तिसऱ्यांदा उद्भवलेल्या दुखण्याचं मूळ हेच होतं.

हा थर एवढा महत्त्वाचा का, ते समजायला सीलचं काम समजलं पाहिजे. ते साध्या रबरी रिंगसारखं दिसतं, पण त्याचा छेद चौकोनी असतो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सीलची आतली कड त्याला चिकटून थोडी पुढे वाकते. पाय काढला की सील पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एका अंशाएवढं मागे ओढून आणतं. या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसतेच, हे सीलच त्याची स्प्रिंग. आता खोबणीच्या तळाशी थर साचला की सील आतल्या बाजूला ढकललं जातं, पिस्टनला आवळतं, आणि त्याला वाकायला जागाच उरत नाही. मग ते पिस्टनला मागे ओढण्याऐवजी धरून ठेवतं. अशा खोबणीत नवं सील घातलं तर तेही आवळूनच बसणार. नवं असल्याने उलट जास्तच.

यातून आणखी एक कळतं. या रचनेत ऑइल अडतं ते सील आणि पिस्टन यांच्यामध्ये, बोअरच्या भिंतीवर नाही. म्हणून बोअरच्या भिंतीवरचा हलका डाग बारीक घासणीने साफ केला तर चालतो. पिस्टनच्या ज्या भागावर सील सरकतं तिथे मात्र एकही खड्डा चालत नाही. तिथे नखाला काही लागलं तर नवा पिस्टन घ्यायचा. क्रोम पॉलिश पेपरने घासू नका, थर गेला की खालचं पोलाद गंजणार आणि नवं सील फाडणार. काही गाड्यांचे पिस्टन फेनॉलिक प्लास्टिकचे असतात, त्यांना कड तुटली आहे का, चीर आहे का ते बघा.

खोबण साफ करायला मी लाकडी काडीचं टोक छिन्नीसारखं कापून घेतलं, त्याने थर खरवडला, मग पितळी तारांच्या छोट्या ब्रशने फिरवला. पोलादी तार किंवा ड्रिलला लावायचं चाक नको. मधेमधे ब्रेक क्लीनर मारून पुसत राहिलो. पाऊण तास गेला. शेवटी पुन्हा कापसाची काडी पूर्ण गोल फिरवली, एकही तंतू अडकला नाही. खड्डे राहिले नव्हते, म्हणून तोच कॅलिपर ठेवला. डस्ट बूट ज्या बाहेरच्या खोबणीत बसतो तीही अशीच साफ करा. तिथल्या गंजाने बूट उचलला जातो, पाणी आत शिरतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

परत बसवताना

ब्रेक क्लीनर धातूलाच वापरा. नवी रबरं ताज्या ब्रेक ऑइलने ओली करायची. सील खोबणीत घातल्यावर बोटाने पूर्ण गोल फिरून बघा, कुठे पीळ नको. डस्ट बूट बसवायची पद्धत प्रत्येक कॅलिपरची थोडी वेगळी. माझ्यात बूट आधी पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवायचा, त्याची बाहेरची कड कॅलिपरच्या खोबणीत बसवायची आणि मग पिस्टन आत सरकवायचा. पिस्टन दोन्ही अंगठ्यांच्या सारख्या दाबाने सरळ आत गेला पाहिजे. थोडा तिरका झाला की अडतो. अडला तर हातोडी उचलू नका, बाहेर काढा, सील बघा, पुन्हा ओलं करा. साफ खोबणीत तो किती सहज जातो हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा आधीचा थर किती आवळत होता याचा अंदाज आला.

बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशर नवीच घ्या. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. पिनांचे बोल्ट बऱ्याच गाड्यांना 25 ते 35 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, ब्रॅकेटचे 100 च्या आसपास, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. होजला पीळ पडलेला नाही ना, ते स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा. डिस्कची जाडीही याच वेळी मोजा. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्याखाली गेलेल्या डिस्कवर नवे पॅड बसवणं व्यर्थ आहे. पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदला.

एअर काढणं

दोन्ही कॅलिपर एकदम काढले असतील तर डावा-उजवा तपासा. ब्लीड निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. अदलाबदल झाली तर निपल खाली येतं, हवा वर अडकते, आणि कितीही ऑइल काढलं तरी पेडल मऊच राहतं.

ऑइल सीलबंद बाटलीतलं घ्या. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हाच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. चिकटणाऱ्या ब्रेकने कॅलिपर तापतो तेव्हा हाच फरक भोवतो, ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. सिलिकॉनचं डॉट 5 हे वेगळंच ऑइल आहे, ते बाकीच्यांत मिसळू नका.

पेडलवर माझी मुलगी बसली होती. आधी तिला एकच नियम सांगितला, मी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

“दाब.”

“दाबलं, बाबा.”

“तसंच धरून ठेव.” निपल पाव फेरा उघडलं. नळीतून आधी फेस आला, मग बुडबुडे.

“खाली चाललंय!”

“जाऊ दे, सोडू नकोस.” निपल बंद केलं. “हं, आता सोड.”

नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा, म्हणजे हवा परत ओढली जात नाही. टाकीवर लक्ष ठेवा, ती रिकामी झाली तर हवा वरून शिरते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. जुन्या गाडीत पेडल पार तळाला जाऊ देऊ नका, खाली लाकडाची फळी ठेवा. मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग एरवी वापरात नसतो, तिथल्या गंजावर आतली सीलं घासून खराब होतात. एबीएस असेल आणि हवा त्याच्या पंपापर्यंत गेली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लावूनच ती निघते. आमची तिथपर्यंत गेली नव्हती. दहा-बारा वेळा दाबल्यावर नळीत सलग स्वच्छ ऑइल आलं.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही. हे विसरून गाडी गॅरेजमधून बाहेर काढली तर समोरच्या भिंतीवरच थांबते. मग इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल किंवा बॅन्जो बोल्टपाशी ओल दिसत असेल तर रस्त्यावर जायचं नाही. सगळं कोरडं असेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50-60 किलोमीटरवरून 15 पर्यंत वेग उतरवा, असं आठ-दहा वेळा, मधे डिस्क गार व्हायला वेळ देत. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका, तापलेल्या पॅडचा डाग डिस्कवर उमटतो.

पुढच्या आठवड्यात उजवा कॅलिपर उघडला. त्याची काहीच तक्रार नव्हती, पॅड सारखे झिजलेले, पिना मोकळ्या. तरी सीलच्या खोबणीत तोच काळपट थर होता, डाव्यापेक्षा पातळ, वरच्या अर्ध्या भागातच. तोही खरवडून काढला आणि नवं सील घातलं. त्यानंतर 2,000 किलोमीटर झाल्यावर दोन्ही चाकं काढून पॅड मोजले. डावीकडे आतला 9.4, बाहेरचा 9.5. उजवीकडे दोन्ही 9.5. हे आकडे तारखेसकट गाडीच्या वहीत लिहिलेत, पुढची मोजणी 5,000 ला आहे.